साडेनऊ गुण

आमच्या घरात एक दोनशे पानी वही आहे. कव्हरवर लेकीनं स्केचपेननं 'पोहण्याची मॅच' असं लिहिलंय आणि खाली निळ्या लाटा काढल्यात. आत पट्टीनं आखलेले रकाने, आडवी संघांची नावं, उभ्या शर्यती आणि प्रत्येक चौकटीत आकडे. कुठं ९, कुठं १, कुठं खोडून परत लिहिलेलं साडेपाच. ती वही मागच्या आठवड्यात माळ्यावरचं सामान काढताना सापडली आणि मी तिथंच शिडीच्या पायरीवर बसून अर्धा तास ती वाचत बसले.

२०२० च्या ऑक्टोबरातली ती वही. तेव्हा लेक नऊ वर्षांची होती आणि मार्चपासून कोरोनामुळं आमचा पोहण्याचा टँक बंद होता. कोल्हापुरात पोरं रंकाळ्यात, विहिरीत, पंचगंगेत पवायला शिकतात, पाठीला डबा बांधून, काका-मामानं ढकलून दिल्यावर, पण जी पोरं टायमिंगसाठी पोहतात त्यांना टँकच लागतो, भिंत लागते, लेन लागते, टर्न लागतो. सहा-सात महिने पाण्यात नाही म्हणजे काय हे ज्याच्या घरात पोहणारं पोर आहे त्यालाच कळेल. लेक दिवाणावर पालथी पडून हात फिरवायची, बादलीत तोंड बुडवून दमसास मोजायची. त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं लिहिलं होतं की टँक असेच बंद राहिले तर निवृत्तीचा विचार करावा लागेल, आणि ते वाचून माझ्या पोटात गोळा आला होता, कारण सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला गेलेला, २०१० च्या एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलेला माणूस जर असं म्हणतोय तर आमच्या पोरांचं काय.

आणि नेमकं तेव्हाच, १६ ऑक्टोबरला, तिकडं बुडापेस्टमध्ये इंटरनॅशनल स्विमिंग लीगचा दुसरा सीझन सुरू झाला. आयएसएल म्हटलं की आपल्याकडं लोकांना फुटबॉलच आठवतो, पण ही वेगळी, पोहण्याची. डॅन्यूब नदीच्या काठावरच्या दुना अरेनात दहा संघ आणि सगळ्या मॅचेस तिथंच, बबल करून, पोहणारे मार्गारेट बेटावरच्या हॉटेलांत राहायचे, टेस्ट करायचे, पोहायचे, परत खोलीत. मला फोनवर क्लिप्स सापडायला लागल्या आणि आम्ही दोघी रोज रात्री जेवणं झाली की गॅलरीत बसून त्या बघायचो. लेक म्हणाली, आई आपण गुण लिहूया. तिथून वही.

गुणांची पद्धत साधी होती आणि माझा जीव त्या लीगवर जडला तो या पद्धतीमुळं. एका मॅचला चार संघ, प्रत्येक संघाचे दोन-दोन असे आठ जण एका शर्यतीत. पहिल्याला ९, दुसऱ्याला ७, मग ६, ५, ४, ३, २ आणि आठव्याला १. रिलेला दुप्पट. हीट नाही, सेमी नाही, उतरलं की थेट फायनल. पहिल्याच रात्री लेकीनं विचारलं,

"आई, आठवा आला तरी एक?"

"एक."

"शेवटी आला तरी?"

"हो, आठवा म्हणजे शेवटीच की गं."

ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग सरांना सांग ना."

तिचं म्हणणं मला लगेच कळलं. आमच्याकडच्या स्पर्धांत निकाल भिंतीवर खळीनं चिकटवतात, त्यात पहिली तीन नावं असतात, फार तर सहा. ही सातवी-आठवी यायची. दोन वर्षं सकाळी साडेपाचला उठून, थंडीत दात वाजवत पाण्यात उतरून, तिनं एकदाही आपलं नाव त्या कागदावर बघितलं नव्हतं, आणि दर वेळी ओल्या केसांनी गर्दीत घुसून ती कागद बघायला मात्र जायची. वरून खालपर्यंत बोट फिरवायची. मग परत यायची.

पोहणं हा फार एकट्याचा खेळ आहे. कबड्डीत, खो-खोत शेजारी कुणीतरी असतं, ओरडतं, हात धरतं. पोहताना कान पाण्यात, डोळे तळाच्या काळ्या रेषेवर, शेजारच्या लेनमध्ये कोण कुठं आहे ते श्वास घेताना बगलेखालून दिसेल तेवढंच. जिंकलं तरी आधी बोर्ड बघावा लागतो. हरलं तर कुणाशी बोलायची इच्छा नसते, गॉगल काढायचीही नसते, कारण आत काय झालंय ते लोकांना दिसू नये. मी स्वतः कॉलेजपर्यंत पोहले आहे म्हणून सांगते.

आणि रिले म्हणाल तर, रिलेची माझी आठवण मी फार कमी लोकांना सांगितली आहे. विद्यापीठाच्या स्पर्धेत चार बाय शंभर फ्री, मी तिसरी. दुसरी पोरगी भिंतीकडं येत होती, मला वाटलं आली, तिचा हात लागायच्या आधीच माझे पाय ब्लॉकवरून सुटले. हवेत असतानाच मला कळलं होतं. तरी मी पोहले, शंभरच्या शंभर, चौथीनं पण जीव तोडून पोहलं, आम्ही दुसऱ्या आलो आणि मग तो लाल झेंडा, संघ बाद. तिघी जणी मला काही बोलल्या नाहीत, एकीनं तर टॉवेल आणून खांद्यावर टाकला, आणि तेच मला सहन झालं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की पोहण्यातसुद्धा दुसऱ्याचं काहीतरी आपल्या हातात असतं.

म्हणून असेल, लीगमधल्या शर्यती बघताना माझं लक्ष पाण्याइतकंच काठावर असायचं. तिथं प्रत्येक संघाला बसायला आपापली जागा, संघाच्या रंगाचे कपडे, आणि जो पोहत नाही तो ओरडतोय, टॉवेल फिरवतोय. ऑलिम्पिक चॅम्पियन माणूस सातव्या लेनमधल्या नवख्या पोराला हाका मारतोय कारण तो पाचवा येतो की सहावा यावर एक गुण आहे. लेकीनं संघ निवडला तो एनर्जी स्टँडर्ड, कारण सारा स्योस्त्रोमची बटरफ्लाय. ती पाण्यावरून अशी जाते की हात टाकते आहे असं वाटतच नाही, पाणीच तिला उचलून पुढं ठेवतं. लेक ती क्लिप थांबवून, मागं नेऊन, परत परत बघायची, श्वास घ्यायला हनुवटी कशी पाण्याला घासून पुढं येते ते मला बोटानं दाखवायची.

मग आम्ही मागं जाऊन २०१९ चा पहिला सीझन पण हुडकून काढला. तेव्हा आठ संघ होते, चार युरोपातले, चार अमेरिकेतले. फायनल डिसेंबरमध्ये लास वेगासला, मँडले बे नावाच्या हॉटेलच्या अरेनात, जिथं एरवी बॉक्सिंगच्या लढती आणि गाण्याचे कार्यक्रम होतात तिथं २५ मीटरचा तात्पुरता पूल उभा केलेला. दिवे, धूर, मोठ्यानं गाणी. आपल्या टँकवर फक्त शिट्टी आणि सरांचा आवाज ऐकलेल्या माणसाला ते सगळं जरा भपकेबाज वाटतं, मलाही आधी वाटलं. पण गुण बघा. दोन दिवस, तीसच्या वर शर्यती, आणि शेवटी एनर्जी स्टँडर्ड ४५३.५, लंडन रोअर ४४४. साडेनऊ गुणांनी कप.

साडेनऊ. एका शर्यतीतला पहिला नंबर आणि वर अर्धा. अर्धा कुठून आला हे मला लेकीला समजावून सांगावं लागलं, दोघांनी एकाच वेळी भिंतीला हात लावला, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सारखं, की दोन जागांचे गुण एकत्र करून अर्धे-अर्धे वाटतात, तिसऱ्या-चौथ्याला ६ आणि ५ असतील तर दोघांना साडेपाच. आता विचार करा, त्या फायनलमध्ये एनर्जी स्टँडर्डकडून जपानचा दाइया सेतो ४०० मीटर मेडलेत, म्हणजे चारही प्रकार एकापाठोपाठ पोहायच्या शर्यतीत, ३:५४.८१ चा विश्वविक्रम करून गेला, त्याला ९ गुण. म्हणजे जगात तोवर कुणी पोहला नव्हता इतक्या वेगानं पोहणाऱ्याचे ९, आणि ते नसते तरी अर्ध्या गुणानं कप आलाच असता. आणि उलटं बघितलं तर कुणीतरी सहावीची सातवी झाली असती, आठवीनं सातवीला गाठलं नसतं, असं दहा ठिकाणी झालं असतं तर कप लंडनला. विश्वविक्रमाची बातमी होते, त्या दहा जागांची होत नाही. लेकीनं मात्र वहीत ते सगळे १ आणि २ वेगळ्या पेननं, हिरव्या पेननं लिहिले होते. का ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

एनर्जी स्टँडर्ड हा क्लब मुळात युक्रेनचे उद्योगपती कॉन्स्टंटिन ग्रिगोरिशिन यांचा, लीगही त्यांनीच उभी केली. क्लबचे बरेच जण तुर्कस्तानात, अंतल्याजवळच्या बेलेकला सराव करायचे. कोच जेम्स गिब्सन, स्वतः २००३ चा ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा वर्ल्ड चॅम्पियन. आणि संघ कसा, तर कॅप्टन दक्षिण आफ्रिकेचा चॅड ल क्लो, स्वीडनची सारा, फ्रान्सचा मनोदू, इंग्लंडचा बेन प्राउड, बेलारूसचा शिमानोविच, रशियाचे रिलोव आणि कोलेस्निकोव, युक्रेनचा रोमानचुक. टोपीवर देश नाही, क्लब. लेकीला भूगोलाच्या नकाशात हे सगळे देश मीच दाखवले. रशिया आणि युक्रेन शेजारी-शेजारी आहेत बघ, मी म्हणाले होते, आपलं कोल्हापूर आणि बेळगाव असतं तसं. तेव्हा सहज बोलून गेले.

ही लीग सहजासहजी उभी राहिली नव्हती हे पण सांगायला पाहिजे. २०१८ च्या डिसेंबरला इटलीत तोरिनोला पहिली स्पर्धा ठरली होती, पण फिना म्हणजे पोहण्याची जागतिक संघटना आडवी आली, आमच्या परवानगीशिवाय पोहलात तर बंदी अशी भीती घातली, स्पर्धा रद्द झाली. तेव्हा अॅडम पीटीसारखे मोठे पोहणारे उघड बोलले आणि हंगेरीची कतिन्का होस्सू, अमेरिकेचे टॉम शील्ड्स आणि मायकल अँड्र्यू थेट कोर्टात गेले. जानेवारी २०१९ मध्ये फिनानं माघार घेतली. पोहणारा माणूस वर्षाचे बारा महिने दिवसाला दोनदा पाण्यात असतो आणि जग त्याला चार वर्षांतून आठ दिवस बघतं, बाकीचे दिवस त्यानं काय खायचं हा प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि मला तो अगदी रास्त वाटतो. ज्यांच्यावर डोपिंगमुळं आधी कधी बंदी आली आहे त्यांना संघात घ्यायचं नाही असाही लीगचा नियम होता, मला तो फार आवडला होता.

सगळंच आवडलं असं नाही. २०२० पासून त्यांनी जॅकपॉट नावाचा प्रकार आणला. पहिला आलेला जर पुरेशा फरकानं जिंकला तर ठरावीक वेळेच्या मागं राहिलेल्यांचे गुण पण त्यालाच. म्हणजे आठवीचा तो एक गुण काढून पहिलीच्या ताटात वाढायचा. बघणाऱ्याला मजा यावी म्हणून केलं असणार, केलेब ड्रेसल वगैरे अशी मंडळी एका शर्यतीत ढीगभर गुण न्यायची आणि समालोचक आनंदानं ओरडायचे. ड्रेसल अफाटच होता, २०२० च्या फायनलच्या दोन दिवसांत ५० फ्री २०.१६, १०० फ्लाय ४७.७८, १०० मेडले ४९.२८, तिन्ही विश्वविक्रम, आणि त्याच्या संघानं, कॅली काँडर्सनं, आमच्या संघाला जवळजवळ शंभर गुणांनी हरवलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जॅकपॉट लागला की लेक पेन खाली ठेवायची. आधी लिहिलेला १ खोडून तिथं शून्य करायला तिला जड जायचं. वहीत काही ठिकाणी तिनं खोडलंच नाहीये, बेरीज चुकली आहे, आणि ती चूक मी तेव्हा दुरुस्त केली नाही.

स्किन्स मात्र आम्हाला दोघींनाही आवडायचं. मॅचच्या शेवटी ५० मीटर, आठ जण, चार बाद, तीन मिनिटांत परत ५० मीटर, दोन बाद, परत तीन मिनिटांत उरलेल्या दोघांची. तिसऱ्या फेरीला ब्लॉकवर चढताना मांड्या थरथरताना दिसतात. टायमिंग पहिल्या फेरीपेक्षा कितीतरी वाईट येतं आणि तरी ती शर्यत जास्त खरी वाटते, कारण तिथं कुणीच विक्रमासाठी पोहत नसतं, समोरचा अजून दमलाय का एवढंच.

२०२१ च्या फेब्रुवारीत सारा बर्फावरून घसरली आणि तिचं कोपर मोडलं. लेक बातमी ऐकून दोन दिवस नीट जेवली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये टोकियोला साऱ्या जगासमोर सारा ५० फ्रीचं सिल्व्हर घेऊन उभी राहिली आणि ऑगस्टच्याच शेवटी नेपल्सला लीगचा तिसरा सीझन सुरू झाला, ती तिथं पण हजर. प्ले-ऑफ आणि फायनल नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला. तिथंच नोव्हेंबरमध्ये शिमानोविचनं १०० ब्रेस्टस्ट्रोक ५५.२८ ला काढून विश्वविक्रम केला, आणि डिसेंबरच्या ३-४ तारखेला एनर्जी स्टँडर्डनं काँडर्सना मागं टाकून दुसऱ्यांदा कप घेतला. आमचा टँक तोवर उघडला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे लेक पाण्यात उतरताना सगळ्यांना सांगत होती, आम्ही जिंकलो. आम्ही. पोरं विचारात पडली, कोण आम्ही?

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. महिन्याभरात, मार्चच्या अखेरीस, लीगनं त्या वर्षीचा सीझन रद्द केला. त्याआधीच पोहणाऱ्यांचे आणि काम केलेल्या लोकांचे पैसे थकल्याच्या तक्रारी होत्या, त्या खऱ्या होत्या आणि त्याचा दोष युद्धावर टाकता येणार नाही. एक माणूस पैसे ओतणार आणि त्यावर सगळं उभं राहणार हे फार दिवस टिकणारं नव्हतंच. पण माझ्या मनात पैशाचं नंतर आलं. आधी आला तो काठ.

१८ मार्चला मॉस्कोत लुझनिकी स्टेडियमवर पुतिन यांची मोठी सभा झाली, तिथं मंचावर इतर खेळाडूंबरोबर एवगेनी रिलोव उभा होता, छातीवर 'झेड', म्हणजे रशियाच्या युद्धाला पाठिंब्याची खूण. टोकियोत बॅकस्ट्रोकची दोन्ही गोल्ड जिंकलेला रिलोव. फिनानं त्याला नऊ महिन्यांची बंदी घातली. आणि मिखाइलो रोमानचुक, त्याचे वडील आघाडीवर लढत होते, तो जर्मनीत माग्देबुर्गला गेला, फ्लोरियन वेलब्रॉकच्या सोबत सरावाला, टोकियोत १५०० मीटरला ज्याला मागं टाकून त्यानं सिल्व्हर घेतलं होतं त्याच वेलब्रॉकनं त्याला बोलावून घेतलं. जूनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपला रोमानचुकनं ८०० मीटरचं ब्राँझ घेतलं, वेलब्रॉक सिल्व्हर. पूल कुठला, तर बुडापेस्टचा दुना अरेना, आमच्या वहीतला.

२०१९ च्या क्लिप्समध्ये हे दोघं एकाच संघाच्या कपड्यांत दिसतात. एकाच बेरजेत दोघांचे गुण. साडेनऊ गुणांनी जिंकलेल्या त्या कपात रिलोवचे किती आणि रोमानचुकचे किती हे मी हिशेब करून सांगू शकेन, पण मला करवत नाही. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती, तिनं मला विचारलं की आता ते एकमेकांशी बोलतात का. मी म्हणाले मला नाही वाटत. आणि मग ती म्हणाली की मग ते गुण कुणाचे. मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही.

पॅरिसला २०२४ मध्ये सारानं ५० आणि १०० फ्री दोन्ही जिंकल्या, वयाच्या तिशीत, आम्ही दोघी मोठ्यानं ओरडलो. पुरुषांच्या ५० फ्रीला बेन प्राउड दुसरा आणि मनोदू तिसरा, आपल्या एनर्जी स्टँडर्डची दोन माणसं शेजारी-शेजारी. शिमानोविच पण होता, देशाच्या नावाशिवाय, तटस्थ म्हणून. आणि पुढच्याच वर्षी बातमी आली की प्राउड 'एन्हान्स्ड गेम्स' नावाच्या स्पर्धेत जाणार, जिथं औषधं घेऊन पोहायला मोकळीक आहे, कारण तिथं एका शर्यतीला मिळणारा पैसा त्याला कित्येक वर्षांची वर्ल्ड टायटल जिंकून मिळाला नसता. डोपिंगवाल्याला दारात उभं न करणाऱ्या लीगचा हा माणूस. मला राग आला आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्यानं केलं ते मला पटत नाही, अजिबात नाही, पण २०१८ ला जो प्रश्न त्या पोरांनी विचारला होता त्याचं उत्तर नीट मिळालं असतं तर कदाचित तो त्या दाराशी गेलाच नसता.

लेक आता मोठी झाली, अजून पोहते. बॅकस्ट्रोक, आणि शाळेच्या मेडले रिलेत सगळ्यांत आधी तीच पोहते. शिडीवर बसून मी वही चाळत होते तेव्हा ती क्लासवरून आली, माझ्या हातातून वही घेतली आणि थेट शेवटी गेली. तिथं तिनं २०२२ साठी पान आखून ठेवलेलं होतं. डिसेंबर २०२१ मध्येच, कप जिंकल्याच्या आनंदात. वर संघांची दहा नावं, एनर्जी स्टँडर्डखाली दोन रेघा, डाव्या बाजूला सगळ्या शर्यती ओळीनं, आणि चौकटी मोकळ्या.

तिनं पान उलटलं. मागच्या बाजूला, मला माहीत नव्हतं, तिच्या रिलेचे आकडे आहेत. चौघींची नावं, प्रत्येकीचं पन्नासचं टायमिंग, तारखा. फ्लायवाली पोरगी नवीन आहे, सगळ्यांत हळू, तिचं टायमिंग हिरव्या पेननं लिहिलंय आणि समोर ब्लॉकवरून सुटायला लागलेला वेळ.

"ही लवकर सुटते गं कधी कधी," लेक म्हणाली. "मी तिला सांगितलंय, थोडी थांब, हात लागू दे, मग जा. आम्ही आहोत."

मी शिडीवरून उतरले. वही तिनं दप्तरात टाकली.